निळ्या ताडपत्रीखालचं गोंदण : प्रकल्प नोंदी

सोमवार, १२ ऑगस्ट २०२४

काम: मंडईतल्या पत्रीवाल्या आजींचा आज सकाळी काढलेला फोटो आठ बाय दहा इंची प्रिंटपर्यंत न्यायचा. गणपती ७ सप्टेंबरला आहेत. त्याआधी प्रिंट आजींच्या हातात पडली पाहिजे, कारण नंतर त्या पत्रीच्या गडबडीत बुडालेल्या असणार.

जागा पुण्यातल्या महात्मा फुले मंडईची, पण १८८६ साली बांधलेल्या त्या अष्टकोनी मनोऱ्याच्या इमारतीतली नाही. बाहेर रस्त्याकडेला बसणाऱ्यांची. उद्या मंगळागौर, म्हणून आघाडा, दूर्वा, बेल यांच्या जुड्यांचा ढीग. शेजारी मुळे आणि अळू. वर निळी ताडपत्री, पावसाची भुरभुर चालू. फोटोत डावीकडे वायरीला लोंबकळणारा पिवळ्या उजेडाचा एलईडी बल्ब सकाळी नऊलाही पेटलेला. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, ३५ मिमीचं भिंग, एफ/२.८, १/१२५ सेकंद, आयएसओ १६००, उभी चौकट, रॉ फाइल, म्हणजे सेन्सरनं टिपलेली कच्ची नोंद.

फोटो आधी विचारून काढला. काढल्यावर आजी म्हणाल्या, "दाव बघू." स्क्रीन जवळ नेली.

"अगं बया, ही तर पार मेल्यावानी दिसतीय! आन् गोंदण कुठंय माझं?"

गोंदण म्हणजे भुवयांच्या मधे, कुंकवाच्या खाली तीन ठिपके, आणि हनुवटीवर एक. समोर बसलं की सहज दिसतं. स्क्रीनवर खरंच नव्हतं. मग आजींनी दोन अटी घातल्या. गोंदण दिसलं पाहिजे, आणि "काळी नको हां दिसाया. पोराच्या लग्नाच्या फोटूशेजारी लावायचाय." प्रकल्पाचं उद्दिष्ट माझ्याऐवजी त्यांनीच ठरवलं, हे बरं झालं.

मंगळवार, १३ ऑगस्ट

फाइल डार्कटेबल या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. काहीही न हलवता लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनलचे हिस्टोग्राम, म्हणजे कुठला उजेड किती याचे आलेख, आधी पाहिले. निळा भरलेला, हिरवा ठीक, लाल डाव्या कोपऱ्यात, म्हणजे अंधाराच्या बाजूला, गोळा झालेला. गालावर मोजलं तर लाल हिरव्याच्या जवळजवळ दोन स्टॉप खाली. एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड, दोन म्हणजे पाव.

गोंदण का गेलं याचं उत्तर इथेच आहे. आपली त्वचा, सावळी असो की गोरी, लाल उजेड सगळ्यात जास्त परतवते आणि निळा सगळ्यात कमी. गोंदणाची शाई त्वचेच्या आत असते, म्हणून काळी असली तरी वरून निळसर-हिरवी दिसते. ती निळा थोडाफार परतवते आणि लाल गिळते. लाल उजेडात त्वचा उजळ आणि ठिपका काळा, म्हणजे फरक मोठा. निळ्या उजेडात त्वचाही अंधारते, ठिपकाही अंधारतो, आणि दोघं एकमेकांत मिसळतात. ताडपत्रीनं नेमका लाल उजेड वरच अडवला होता. आजींच्या चेहऱ्यावर जो पोचला त्यात गोंदण दाखवण्याची कुवतच कमी होती.

मग समोर बसून मला कसं दिसलं? डोळा आणि मेंदू त्या निळ्याला थोड्या वेळात सरावतात. सेन्सर सरावत नाही, जे पडलं ते लिहून ठेवतो.

म्हणजे माहिती लाल चॅनलमध्ये आहे, आणि तोच चॅनल सगळ्यात उपाशी आहे.

गुरुवार, १५ ऑगस्ट

सुट्टी. आज फक्त व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग वजा करून पांढरं ते पांढरं दिसेल असं करणं.

केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंग-तापमानाचा, स्लायडर ओढून काही होत नाही. तो निळ्यापासून पिवळ्यापर्यंतच्या एका ठरावीक वाटेवर चालतो: मेणबत्ती, बल्ब, ऊन, ढगाळ आकाश. प्लास्टिकमधून गाळून आलेला उजेड त्या वाटेवर नसतोच, त्याच्यात निळ्याबरोबर हिरवाही घुसलेला असतो. डार्कटेबलच्या रंग-समायोजनाच्या मॉड्यूलला असा उजेड दिला की तापमानाच्या आकड्यापुढे तो चक्क "अवैध" असा शेरा मारतो. तो बरोबरच आहे. या उजेडाला तापमान नाही.

मग पांढरं काहीतरी शोधायचं, आणि म्हणायचं की हे पांढरं आहे, बाकीचं तू बघ. आजींचे केस चालत नाहीत, ते तेलानं पिवळट. वर्तमानपत्राचा कागद मुळातच राखाडी-पिवळा. तराजूचं पारडं चकचकीत, त्यात अर्धी ताडपत्रीच दिसते. शेवटी मुळा. सोललेल्यासारखा स्वच्छ धुतलेला, फोटोत उजवीकडे दिसणाऱ्या गुडघ्यापाशी (डावं-उजवं सगळं फोटोतलं), चेहऱ्यावर पडणाऱ्याच उजेडात. देठाजवळ हिरवट झाक असते ती सोडून मधल्या भागाचा चौकोन घेतला.

एका टिचकीत उजवा गाल माणसाचा झाला. मोठ्या सुखाचा क्षण असतो हा, कितीही वेळा केलं तरी.

आणि डावा गाल झाला नारिंगी. बल्ब.

शनिवार, १७ ऑगस्ट

दोन उजेडांचं भांडण नाकाच्या दांड्यावर मिटतं. उजवीकडे ताडपत्री, डावीकडे बल्ब, मधे बोटभर रुंदीची मिश्र पट्टी. कुठलाही एकच व्हाइट बॅलन्स दोन्ही गालांना न्याय देणार नाही.

तेच मॉड्यूल दुसऱ्यांदा लावलं, फक्त डाव्या गालापुरतं. हातानं मास्क, म्हणजे परिणाम जिथे हवा तेवढ्या जागेची हद्द, काढला: गाल, कानाची पाळी, मानेचा काठ, पदराची कड. कडा चांगल्या रुंद आणि पुसट ठेवल्या. मग त्यावर दुसरी अट टाकली, की मास्कच्या आतही जिथे रंग खरोखर पिवळा-नारिंगी आहे तिथेच परिणाम होऊ दे. यामुळे नाकाच्या दांड्यावर कापल्यासारखी रेघ उमटली नाही.

बल्ब पूर्ण धुऊन काढला तर चेहरा पासपोर्ट फोटोसारखा सपाट दिसतो. दोन्ही गाल एकाच रंगाचे, कुठून उजेड येतोय तेच कळेना. मंडईत सकाळी नऊला बल्ब जळत होता, पाऊस होता, अंधारून आलं होतं, हे त्या गालावर राहायलाच हवं. म्हणून दुसऱ्या मॉड्यूलचा जोर दोन-तृतीयांशावर आणला. डावा गाल थोडा उबदार राहिला. राहू दे.

निळा मात्र तसा ठेवला नाही. बल्ब त्या गालाला शोभतो, ताडपत्री कुणालाच शोभत नाही.

रविवार, १८ ऑगस्ट

आजचा दिवस नॉइजचा, म्हणजे चित्रातल्या खरखरीचा, आणि खरं सांगायचं तर हेच या फोटोतलं मुख्य काम.

रंग सुधारला म्हणजे काय केलं, तर उपाशी लाल चॅनलला गुणून मोठं केलं. चॅनल गुणला की त्यातली खरखरही गुणली जाते. उजव्या गालावर आता लाल-जांभळे ठिगळ दिसतात, शंभर टक्के मोठं करून पाहिलं तर कातडीवर पुरळ उठल्यासारखे. आणि सेन्सरवरच्या रंगीत गाळण्यांच्या बायर जाळीचं गणित मूळचंच लालच्या विरुद्ध: ब्राइस बायरनं कोडॅकमध्ये असताना आखलेल्या आणि १९७६ साली पेटंट मिळालेल्या त्या रचनेत निम्मे पिक्सेल हिरव्याचे, पाव लालचे, पाव निळ्याचे. डोळ्याची तीक्ष्णता हिरव्याच्या आसपास जास्त, म्हणून तसं. एरवी चालून जातं. इथे जे हवंय ते लालमध्येच आहे.

नॉइज काढायला आधी यंत्र-शिक्षणावरचं एक आयतं साधन वापरून पाहिलं. एका मिनिटात चेहरा लोण्यासारखा. गोंदणाचे तीनही ठिपके गुळगुळीत पुसलेले! त्या साधनाच्या दृष्टीनं कपाळावरचा पुसट गडद ठिपका म्हणजे डाग, आणि डाग म्हणजे काढायची गोष्ट. कपाळावर गोंदण असणाऱ्या बायका त्याच्या शिकवणीत किती आल्या असतील याची कल्पना करता येते.

तेव्हा हाताचं काम. नॉइजचे दोन भाग करायचे: रंगाची खरखर आणि उजेडाची खरखर. रंगाचे ठिगळ मोठे आणि ओंगळ, ते बिनधास्त काढले. डोळा रंगाच्या बाबतीत बारकावा फारसा मागत नाही, त्यामुळे तिथे पुसटपणा आला तरी कळत नाही. उजेडाच्या खरखरीला मात्र जवळपास हात लावला नाही. ती बारीक आहे, फिल्मच्या कणांसारखी दिसते, आणि त्याच बारकाईत गोंदणाच्या कडा आहेत.

मग वेव्हलेटनं चित्र थरांत सोडवलं: सगळ्यात खालचा थर मोठ्या छटांचा, मग हळूहळू बारीक. मधल्या दोन थरांत उजव्या गालावरचे उरलेले डाग थोडे सपाट केले. कपाळ आणि हनुवटी या दोन्ही जागा मास्क करून बाहेर ठेवल्या. सुरकुत्या सगळ्यात बारीक थरात असतात. तो थर उघडलाच नाही.

मंगळवार, २० ऑगस्ट

दुपारी मंडईत चक्कर. आजींचा नातू होता, अकरावीतला. त्यानं आपल्या मोबाइलवर आजीचा फोटो दाखवला, ॲपमधून सुंदर केलेला. आजी पस्तिशीच्या, डोळे मोठे, गाल गुलाबी. गोंदण अर्थातच नाही.

"हा कसाय?" मी आजींना विचारलं.

"ती कोन म्हंजे? त्याची मैत्रीन आसंल." आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

"काळी नको" या अटीवर आज बसले.

सोपा रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे. मधल्या छटा उचल, नारिंगीचा उजाळा वाढव, झालं. हा रस्ता नवा नाही. फिल्मच्या काळात आपल्या स्टुडिओंमधून निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवायचे. निगेटिव्हवर जिथे शिसं चढेल तिथे प्रिंट उजळ येते, म्हणून सुरकुतीवर आणि डोळ्यांखालच्या सावलीवर पेन्सिल फिरली की दहा वर्षं कमी. हात अफाट असत त्या लोकांचे. रंगीत फिल्म आल्यावर प्रयोगशाळांचं माप दुसरीकडूनच आलं: कोडॅकची "शर्ली कार्डं". त्यांवर एका गोऱ्या तरुणीचा फोटो असे आणि तिची त्वचा बरोबर आली की यंत्र बरोबर असं धरायचे. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेलं कार्ड यायला १९९०चं दशक उजाडलं. सावळा चेहरा म्हणजे कमी एक्स्पोजर झालेला गोरा चेहरा, ही समजूत तिथून आजच्या फोनच्या ऑटो बटणापर्यंत आलेली दिसते.

मोजमाप करून ठेवलं. लॅब (L*a*b*) या रंगमापनाच्या पद्धतीत उजव्या गालाचा उजाळा आत्ता ३४ आहे, शंभरपैकी. रंगाची दिशा तांबूस-पिवळी, पिवळा तांबड्याहून थोडा पुढे, जशी हवी तशी. आजींचा हात ताडपत्रीबाहेर आला होता अशा दुसऱ्या एका फ्रेममध्ये मनगटावर ४२ भरतं. चेहरा मनगटाहून उन्हानं जरा रापलेला असणार. म्हणजे ४०च्या आसपास आणणं ही दुरुस्ती झाली, ५५ला नेणं हा बदल झाला.

पण ४०नं आजींचं समाधान होईल का? ३४चं ४० केलं आणि चौकट पाहिली. चेहरा अजून दबलेलाच वाटतो.

शनिवार, २४ ऑगस्ट

कालच्या प्रश्नाचं उत्तर चेहऱ्यात नाही, चेहऱ्याच्या मागे आहे. आजींच्या मागून रस्त्याचा एक तुकडा दिसतो, ओला, त्यावर ढगाळ आकाशाची पांढरी चकाकी. उजाळा ९०च्या वर. त्याच्या शेजारी ४० काय, ५०सुद्धा अंधारंच दिसणार.

पॅरिसच्या गोबेलँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्याच्या रंगशाळेत काम करणाऱ्या शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार गेली होती की तुमचा काळा रंग फिका पडतो. त्यानं तपासलं तर रंग चांगला होता, शेजारी विणलेला धागा त्याला फिका दाखवत होता. १८३९ साली त्यानं हे सगळं ग्रंथात मांडलं. माझ्यापुढे तोच मामला आहे, फक्त उलट दिशेनं.

टोन इक्वलायझर या उजळ-गडद छटा वेगवेगळ्या वरखाली करणाऱ्या मॉड्यूलमध्ये मागचा रस्ता दीड स्टॉप उतरवला. तेवढा उतरवूनही तो ओला रस्ताच दिसतो, पांढरं भगदाड दिसत नाही. पत्रीचा हिरवा ढीग अर्धा स्टॉप खाली. पदराचा पांढरा काठ किंचित. चेहऱ्याला काहीही केलं नाही, तो ४०वरच आहे.

आणि चेहरा उजळला. मॉड्यूल बंद-चालू करून पाहिलं, घरातल्यांना बोलावून दाखवलं. सगळे म्हणाले, "चेहरा ब्राइट केलास ना?" आकडा मात्र जागचा हललेला नाही. मला या सगळ्या प्रकल्पात एवढी एक गोष्ट कुणाला सांगायची असेल तर हीच आहे: चेहरा वर काढायचा असेल तर आधी आजूबाजूला हात घाला. कातडीचा रंग ज्याचा त्याला राहतो.

रविवार, २५ ऑगस्ट

गोंदण आणि कुंकू.

सोळा बिटची टिफ फाइल काढून गिंप या दुसऱ्या संपादन-सॉफ्टवेअरमध्ये नेली. तिन्ही चॅनल सुटे करून शेजारीशेजारी ठेवले. लालमध्ये गोंदणाचे ठिपके स्पष्ट, मधला थोडा पसरट, बहुधा वयानं शाई पाझरलेली. पण त्याच चॅनलमध्ये कुंकू गायब! लाल कुंकू लाल चॅनलमध्ये त्वचेइतकंच पांढरं. हिरव्यात उलट: कुंकू काळं कुळकुळीत, गोंदण जेमतेम. निळ्यात काहीच नाही.

लाल चॅनलचा एक थर चित्रावर टाकला, फक्त उजाळ्यापुरता मिसळेल असा, पंचवीस टक्के. मास्क फक्त कपाळाचा मधला भाग आणि हनुवटी. कुंकवाचा गोल मास्कमधून कापून बाहेर ठेवला, नाहीतर ते फिकं गुलाबी होतं. पंचवीसवर ठिपके दिसतात आणि नव्यानं काढल्यासारखे वाटत नाहीत. चाळीसवर काल गोंदल्यासारखे दिसायला लागतात. साठीपुढच्या बाईच्या कपाळावरचं गोंदण पुसटच हवं.

मास्क कपाळभर पसरवला नाही याला कारण आहे. लाल चॅनल उजाळ्यात मिसळला की सुरकुत्या मऊ पडतात. लाल उजेड कातडीत खोलवर शिरून पसरतो, म्हणून त्यात वरच्या रेषा कमी दिसतात. कृष्णधवल पोर्ट्रेटवाले याचा मुद्दाम फायदा घेतात. मला इथे नको.

कुंकू वेगळं घेतलं. ताडपत्रीखाली ते जांभळं-काळं झालं होतं, व्हाइट बॅलन्सनंतर विटकरी. छटा किंचित लालकडे सरकवली. इथे थोडा अंदाज आहे हे मान्य. जो उजेड पडलाच नाही, त्यातला रंग पूर्ण परत आणता येत नाही. त्याच दुसऱ्या फ्रेममध्ये कुंकवाच्या कडेवर बल्बचा उजेड पडलाय, तिथला रंग धरून चालले.

मंगळवार, २७ ऑगस्ट

दहीहंडी. खिडकीखाली स्पीकरची भिंत, काम तासभरच झालं.

मागे उजव्या कोपऱ्यात एक पिवळा प्लास्टिकचा क्रेट आणि कुणाचं तरी कोपर. मित्र म्हणतो उडव, आता एका क्लिकचं काम आहे. नाही उडवत. २०१६ साली प्रसिद्ध छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांच्या क्यूबातल्या एका फोटोची प्रिंट इटलीतल्या प्रदर्शनात लागली, आणि एका पाहणाऱ्याच्या लक्षात आलं की त्यात एका खांबाची जोडणी फसलीय. मग त्यांच्या इतर फोटोंमधले नाहीसे झालेले हात, माणसं, गाड्या लोकांनी शोधून काढल्या. त्यांनी पुढे स्वतःला दृश्यांतून गोष्ट सांगणारा म्हटलं, ते त्यांच्यापाशी. माझ्या पोर्ट्रेटवर कुठली स्पर्धा अवलंबून नाही, पण मंडईत पाठीमागे कुणाचं तरी कोपर असतंच.

क्रेटचा पिवळेपणा निम्म्यावर आणला, उजाळा उतरवला. कोपर होतं तिथे आहे. आता नजर तिकडे जाऊन परत येते, अडकत नाही.

गुरुवार, २९ ऑगस्ट

डोळे. दोन्ही डोळ्यांत उजेडाचा ठिपका आहे: एकात ताडपत्रीची निळी फट, एकात बल्ब. निळ्या ठिपक्याचा रंग काढला, ठिपका ठेवला. बुबुळांभोवतीचा पांढरा भाग पांढरा करायचा मोह असतो. पांढरा केला की माणूस जाहिरातीतला होतो. पिवळट आहे, तसाच.

शार्पनिंग शेवटी आणि थोडं. अनशार्प मास्कचा त्रिज्येचा आकडा लहान, फक्त डोळे, भुवया, नथीचे मोती. नथीचा एक मोती फुटका आहे हे आज कळलं.

चौकट चारास पाचची. खालचा भाग, पत्रीचा पुढचा ढीग आणि तराजू, कापला. उरलेल्या ४००० बाय ५००० पिक्सेलमध्ये आठ बाय दहा आरामात बसतं.

शनिवार, ३१ ऑगस्ट

लॅबमधून नमुना प्रिंट, चार बाय सहा, मॅट. चेहरा ५५च्या घरात! गोरापान, गोंदण पुन्हा पुसट. फाइल तपासली, फाइल ठीक. काउंटरवर विचारलं तर ऑपरेटर शांतपणे म्हणाला, "करेक्शन मारलंय मॅडम. सगळ्यांना गोरंच लागतं." वाद घालण्यात अर्थ नव्हता, त्याचा रोजचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा. पाकिटावर ठळक अक्षरात "करेक्शन करू नये" लिहून घेतलं आणि समोर उभं राहून दुसरी काढून घेतली.

दुसरी योग्य, पण सावल्या जड. मॅट कागदाचा काळा स्क्रीनइतका खोल नसतो, आणि कागद स्वतः उजेड देत नाही. स्क्रीन मी झगझगीत ठेवत नाही, तरी फरक पडतोच. सगळ्या चित्रातल्या गडद छटा पाव स्टॉप उचलल्या, पदराच्या चुण्या परत आल्या. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत, जेपेग, कमीत कमी दाबलेली.

चकचकीत कागद नको. घरात ट्यूबलाइटखाली भिंतीवर लागणार, त्यात ट्यूबच दिसेल.

सोमवार, २ सप्टेंबर

पोळा. मोठी प्रिंट आली. बरोबर आहे.

बुधवार, ४ सप्टेंबर

प्रिंट दिली. आजी ताडपत्रीखालीच बसलेल्या, प्रिंट हातात घेतली आणि ती तत्क्षणी निळी झाली. महिनाभराची मेहनत त्या प्लास्टिकनं पुन्हा गिळली. "आजी, बाहेर उजेडात बघा," म्हटलं. त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

बराच वेळ बघत होत्या. बोटानं कपाळावरचे ठिपके मोजले, मग हनुवटीचा. शेजारची भाजीवाली वाकून म्हणाली, "लईच उजळ आलीस की गं." आजींनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"समदं बेस हाय. पन तराजू कुठंय?"

"चौकटीत बसत नव्हता, खालून कापला."

"आगं, तराजूवर तर समदं चाललंय माझं. त्यो दिसाया पायजे. ह्यो र्‍हाऊ दे लेकीकडं. मला तराजूवाला दे."

गुरुवार, ५ सप्टेंबर

तराजूसकटची आवृत्ती. कापायचंच नाही: मूळ उभी चौकट ४००० बाय ६०००, म्हणजे थेट आठ बाय बारा. चेहऱ्यावरचं सगळं काम जसंच्या तसं लागू होतं, मास्क मूळ चौकटीवरच काढलेले आहेत.

नवं काम फक्त पारड्याचं. स्टीलमध्ये बल्बचं प्रतिबिंब जळून पांढरं झालंय, तिन्ही चॅनल भरलेले, तिथे परत आणण्यासारखं काही नाही. त्याला उतरवलं तर राखाडी डाग पडतो, म्हणून पांढरं तसंच ठेवून भोवतालचं स्टील थोडं गडद केलं. पारड्याचा दुसरा अर्धा भाग ताडपत्रीनं निळा आहे. तो निळा काढला नाही. चकचकीत वस्तूत जे समोर आहे ते दिसणारच, आणि समोर ताडपत्री होती. कोपऱ्यातला क्रेट आणि कोपर या चौकटीत आणखी मागे गेले, तोही फायदा.

लॅबला फाइल पाठवली, "करेक्शन करू नये" या शेऱ्यासह. उद्या हरतालिका, लॅबही उघडी आणि आजीही जागेवर, पण गर्दीत प्रिंट भिजायची. गौरी जाऊ देत, मग देईन.

नातवाला फोनसाठी वेगळी प्रत: लांब बाजू २४०० पिक्सेल. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून पाठवली. फोटो म्हणून गेली की वाटेत दाबली जाते, आणि दाबताना असे पुसट बारकावेच आधी जातात.

त्याचं उत्तर आलं: "ताई, डीपी ठेवू का?" ठेव म्हटलं, आजीला विचारून.